आपल्या गावचे शिपाई : जुने फोटो कसे ओळखावेत



आपल्या ग्रामदेवतेच्या मंदिराचा जीर्णोद्धार आपणा सर्वांच्या हातभाराने पूर्णत्वास जात आहे. सभामंडपाच्या भिंतीवर एक संगमरवरी शिळा बसवावी आणि आपल्या गावातून पलटणीत, आरमारात व लढाईच्या काळात जहाजांवर गेलेल्या माणसांची नावे तिच्यावर कोरावीत, असे समितीने ठरविले आहे. या कामासाठी घराघरांतील जुने फोटो व कागद गोळा करून तपासण्याची जबाबदारी समितीने माझ्यावर टाकली. मी इतिहासाचा अभ्यासक नव्हे. तहसील कचेरीत कारकून आहे. परंतु नोंद घेण्यापूर्वी कागद पाहावा, ही सवय कचेरीने लावली आहे आणि या कामी तीच उपयोगी पडली.

अंधेरी, बोरीवली, मुलुंड व घाटकोपर येथे राहणाऱ्या आपल्या ग्रामस्थांकडून, तसेच गावातील घरांतून मिळून एकूण २६ फोटो जमा झाले. त्यांपैकी फक्त ११ फोटोंच्या मागे काही ना काही लिहिलेले आढळले. उरलेल्यांच्या बाबतीत घरच्या मंडळींचे सांगणे एवढाच आधार. "आजोबा लढाईत होते" असे सर्वच घरांत सांगतात. कोणत्या लढाईत, कोणत्या पलटणीत आणि फोटोतील माणूस आजोबाच कशावरून, असे विचारले की मंडळी एकमेकांकडे पाहतात. यात त्यांचा दोष नाही. ज्यांना माहीत होते ते गेले आणि त्यांच्या हयातीत कोणी विचारले नाही.

शिळेवर एकदा कोरलेले नाव खोडता येत नाही. म्हणून फोटो कसे वाचावेत, याची जी माहिती या निमित्ताने गोळा झाली, ती सर्वांच्या उपयोगासाठी येथे देत आहे.

तीन प्रश्न वेगळे ठेवावेत

फोटो हातात आला की आपण लगेच "हा कोण?" असे विचारतो. खरे म्हणजे हा प्रश्न शेवटी विचारायचा. आधी "हा फोटो केव्हाचा?", मग "हा कोठला?" आणि मग "हा कोण?". पहिल्याचे उत्तर बहुधा गणवेश देतो. दुसऱ्याचे उत्तर मागचा देखावा देतो. तिसऱ्याचे उत्तर मात्र फोटो सहसा देत नाही. ते लेखी कागदातूनच मिळते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गणवेशावरून "या सालाच्या आधीचा नाही" असे खात्रीने सांगता येते. "या सालाच्या नंतरचा नाही" असे सांगणे अवघड असते, कारण लष्करात जुने कपडे व जुन्या बंदुका पुष्कळ वर्षे चालत. वरची मर्यादा दुसऱ्या कोणत्या तरी खुणेवरून ठरवावी लागते.

डोक्यापासून पायापर्यंत

पहिल्या महायुद्धातील, म्हणजे १९१४ ते १९१८ मधील, मराठा शिपाई फोटोत सहज ओळखू येतो. डोक्याला खाकी पगडी, अंगात गुडघ्याकडे पोचणारा खाकी कुडता, छातीवरून तिरका गेलेला चामडी पट्टा व त्यावर काडतुसांच्या लहान लहान पेट्या, आणि घोट्यापासून थेट गुडघ्यापर्यंत गुंडाळलेली लोकरी पट्टी. हा सर्व थाट एकत्र दिसला तर फोटो पहिल्या महायुद्धाच्या आसपासचा समजण्यास हरकत नाही.

दुसऱ्या महायुद्धात, १९३९ ते १९४५ या काळात, कुडता गेला. सदरा अर्ध्या किंवा पूर्ण विजारीत खोचलेला दिसतो. पायाची पट्टी आखूड होऊन घोट्यापुरती राहिली. छातीवर दोन्ही बाजूंस कापडी पट्ट्यांच्या मोठ्या चौकोनी थैल्या आल्या. त्यांत मशीनगनची काडतूसपेटी मावत असे. कमरेपर्यंतच आखूड असलेला जाड लोकरीचा डगला दिसला तर थंड मुलुख समजावा. इटलीत लढलेल्या आपल्या पलटणींच्या फोटोंत तो पुष्कळदा दिसतो. उलट, रुंद काठाची फेल्ट हॅट आणि ढगळ सदरा दिसला तर ब्रह्मदेशाच्या आघाडीची शक्यता धरावी. १९४३ पासून त्या आघाडीवर खाकीऐवजी जंगली हिरवा कपडा येऊ लागला. काळ्यापांढऱ्या फोटोत रंग कळत नाही, म्हणून हॅट व कपड्याची ठेवण यांवरच भिस्त ठेवावी.

बंदूकही पाहावी. नळीचे तोंड लाकडी आवरणाच्या टोकाशी जवळजवळ बरोबरीने संपणारी आखूड नाकाची .३०३ रायफल पहिल्या महायुद्धातही होती, दुसऱ्यातही होती आणि १९६२ साली चीनशी लढताना आपल्या जवानांच्या हातातही तीच होती. तेव्हा तिच्यावरून साल ठरविता येत नाही. परंतु खाली काडतूसपेटी व वेगळी मूठ असलेली लांब सेल्फ लोडिंग रायफल हातात असेल तर फोटो १९६२ च्या युद्धानंतरचा आहे, हे निश्चित.

खांदा व बिल्ला

सर्वांत मोलाची जागा म्हणजे खांदा. तेथील पितळी अक्षरे व आकडे भिंगाखाली पाहावेत. हल्ली मोबाईलने जवळून फोटो घेऊन मोठा करून पाहिला तरी काम होते.

१९२२ साली हिंदी सैन्याची फेररचना झाली. त्यापूर्वी मराठा पलटणींना तीन आकडी क्रमांक होते : १०३, १०५, ११०, ११४, ११६ व ११७. फेररचनेत या सर्व मिळून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री ही एक रेजिमेंट झाली आणि बेळगाव हे तिचे केंद्र झाले. १०३ ची पहिली बटालियन झाली, १०५ ची दुसरी, ११० ची तिसरी, ११६ ची चौथी व ११७ ची पाचवी. ११४ ही शिकाऊ बटालियन झाली. तेव्हा खांद्यावर तीन आकडी संख्या दिसली तर फोटो १९२२ किंवा त्याआधी काढलेला आहे, असे समजावे. गणवेशात वरची मर्यादा देणारी ही एक चांगली खूण आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर रेजिमेंटच्या नावामागचा पाचाचा आकडाही गेला. लाइट इन्फंट्रीच्या बिल्ल्यावर बिगुल असते, हेही लक्षात ठेवावे.

महार समाजाच्या घरांतून आलेल्या फोटोंसाठी वेगळा हिशेब आहे. १११ महार ही पलटण १९१७ साली उभारली गेली व १९२१ साली मोडली गेली. त्यानंतर महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावास उभी राहिली. तिच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा जयस्तंभ होता. १९४६ साली ती मशीनगन रेजिमेंट झाली आणि बिल्ल्यात एकमेकींना छेदणाऱ्या दोन मशीनगन आल्या. म्हणजे बिल्ल्यावर नुसता स्तंभ असेल तर फोटोचा काळ पाच-सहा वर्षांच्या आत बसतो.

आरमारातील माणसाच्या गोल टोपीच्या फितीवर अक्षरे असतात. ती "एच.एम.आय.एस." अशी असतील तर फोटो २६ जानेवारी १९५० च्या आधीचा आणि "आय.एन.एस." अशी असतील तर नंतरचा. लढाईच्या दिवसांत गुप्ततेसाठी जहाजाचे नाव फितीवर घालीत नसत. नुसती चार अक्षरे असत. रॉयल इंडियन नेव्ही हे नाव २ ऑक्टोबर १९३४ पासूनचे आहे. आपल्याकडे आलेल्या एका फोटोला घरचे लोक "पहिल्या लढाईचा" म्हणत होते. टोपीवर ही चार अक्षरे स्पष्ट आहेत. ते गृहस्थ दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील ठरले आणि घरात सापडलेल्या कागदानेही तेच सांगितले.

गुप्ततेचा हाच नियम पायदळातही होता. दुसऱ्या महायुद्धात आघाडीवरील शिपायांच्या खांद्यावरून पलटणीची नावे पुष्कळदा उतरवून ठेवलेली असत. खांदा कोरा दिसला म्हणून तो माणूस पलटणीत नव्हता, असे म्हणू नये.

दंडावरील फिती हुद्दा सांगतात. एक म्हणजे लान्स नाईक, दोन म्हणजे नाईक, तीन म्हणजे हवालदार. फोटोमागे "जमादार" असा हुद्दा लिहिलेला असेल तर तो १९६५ पूर्वीचा समजावा, कारण त्या सुमारास जमादाराचा नायब सुभेदार झाला. बिल्ल्यांवर राजमुकुट असेल तर १९५० पूर्वीचा काळ. त्यानंतर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले.

पदकांच्या कडा

छातीवरील पदके फोटोत धूसर दिसतात. पण पदके घरात असतील तर फोटोपेक्षा त्यांचेच मोल मोठे. दोन्ही महायुद्धांतील हिंदी शिपायांच्या गोल पदकांच्या कडेवर त्यांचा नंबर, हुद्दा, नाव व पलटण ठोकलेली असते. तारा असेल तर हा मजकूर पाठीमागे असतो. कडेवर मळ बसलेला असतो, तो मऊ कापडाने पुसावा. चिंच लावून पदके घासू नयेत. अक्षरे झिजतात.

पहिल्या महायुद्धात एक चांदीचे पदक, एक इंद्रधनुष्यासारख्या फितीचे काशाचे पदक आणि कोणाकोणाला तलवारींची फुली असलेला तारा मिळाला. दुसऱ्या महायुद्धात सहा टोकांचे तारे आले. त्यांवर आफ्रिका, इटली, ब्रह्मदेश अशी आघाडीची नावे आहेत. १९६५ च्या युद्धानंतर समर सेवा स्टार आला, १९७१ नंतर पूर्वी स्टार व पश्चिमी स्टार आले. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सेवेत असलेल्या सर्वांना स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचे पदक मिळाले. ते छातीवर असेल तर फोटो त्यानंतरचाच.

पदके डाव्या छातीवर लावतात. फोटोत ती उजवीकडे दिसली तर दोन शक्यता असतात. एक, फोटो उलटा छापला गेला आहे. अशा वेळी सदऱ्याची बटणपट्टी, रायफलचा खटका व खांद्यावरील अक्षरेही उलटी दिसतात. दुसरी शक्यता अधिक महत्त्वाची. मृत सैनिकाची पदके त्याचा मुलगा किंवा जवळचा नातेवाईक समारंभात उजव्या छातीवर लावतो. म्हणजे फोटोतील माणूस सैनिक नसून सैनिकाचा वारस असू शकतो.

मागचा पडदा, मागचा मुलुख

स्टुडिओतील फोटोत मागे रंगविलेला पडदा असतो : खांब, जिने, बाग, तळे. त्यावरून मुलुख ठरवू नये. पडद्यावरचा महाल बेळगावच्या स्टुडिओतलाही असू शकतो. परंतु खालच्या पुठ्ठ्यावर स्टुडिओचे व गावाचे नाव छापलेले असते, ते वाचावे. बेळगाव, पुणे, देवळाली या ठिकाणी पलटणी असल्याने तेथे शिपायांचे फोटो पुष्कळ निघत.

उघड्यावर काढलेल्या फोटोत मात्र जमीन बोलते. खजुराची झाडे, मातीच्या विटांच्या भिंती व तंबू असतील तर पहिल्या महायुद्धाच्या गणवेशासह तो मेसोपोटेमियाचा, म्हणजे आजच्या इराकचा असू शकतो. पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमधील १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी कुत-अल-अमारा येथे १४७ दिवस वेढ्यात अडकल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने ते ठाणे पडले आणि सुमारे १३ हजार माणसे तुर्कांच्या कैदेत गेली. पिरॅमिड दिसले तर इजिप्त. दुसऱ्या महायुद्धात आपल्या पलटणी तेथून आफ्रिकेच्या आघाडीवर गेल्या आणि शिपायांनी पिरॅमिडसमोर फोटो काढून घरी पाठविले.

तिसऱ्या बटालियनचा प्रवास असाच आहे. १९४१ मध्ये ती एरिट्रियातील केरेनच्या डोंगरांवर लढली, पुढे इटलीत गेली. माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे याच बटालियनचे. १० जुलै १९४४ रोजी इटलीतील टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांना वीरमरण आले व मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. जुलै २०२३ मध्ये इटलीतील मोंटोने या गावी त्यांच्या नावाचे स्मारक उभारले गेले. त्याच १९४४ सालच्या मार्च महिन्यात चौथी बटालियन मणिपूरमधील संगशाक येथे जपान्यांशी लढत होती. एकाच रेजिमेंटचे दोन शिपाई, एक इटलीच्या थंडीत आणि दुसरा मणिपूरच्या जंगलात. म्हणून नुसते "दुसऱ्या लढाईत होते" एवढ्याने भागत नाही. बटालियन शोधावी.

चौकटीची पाठ

फोटोची चौकट उघडल्याशिवाय तपासणी पुरी होत नाही. फोटो काचेला चिकटला असेल तर मात्र ओढू नये. तसाच राहू द्यावा.

मागच्या बाजूस पोस्टकार्डाची छपाई असेल तर तिकिटाच्या चौकोनात कागदाच्या कंपनीचे नाव असते. एखाद्या फोटोवर सेन्सॉरचा शिक्का असतो. तो लढाईतून आलेला समजावा. कडा नागमोडी कापलेल्या लहान फोटोंची पद्धत १९४० ते १९६० च्या दरम्यान फार होती.

फोटोच्या मागे दाबून बसविलेले वर्तमानपत्र फेकू नये. त्यावर तारीख असते. मात्र ती चौकट केल्याची तारीख, फोटो काढल्याची नव्हे. चौकटवाल्याच्या चिठ्ठीवर "घाटकोपर, मुंबई ८६" किंवा "मुलुंड, मुंबई ८०" असे असेल तर ती जुनी. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आला, तेव्हा तो छापलेला असल्यास चौकट त्यानंतरची.

एक सावधगिरी. माणूस वारल्यावर लहान फोटोवरून मोठा करून घेण्याची व त्यावर रंग भरण्याची आपल्याकडे रीत होती. रंगविणारा कारागीर गणवेश स्वच्छ करी, पदके ठळक करी, कधी नसलेली फीतही काढी. अशा रंगीत फोटोवरून काहीही ठरवू नये. मूळ लहान फोटो शोधावा. तो बहुधा त्याच चौकटीत मागे किंवा ट्रंकेत असतो.

गणवेश म्हणजे पलटण नव्हे

आपल्या गावची माणसे मुंबईत ज्या नोकऱ्यांत शिरली, त्यांतल्या पुष्कळ नोकऱ्यांना गणवेश होता. जमलेल्या २६ फोटोंपैकी ५ फोटो लष्करी नाहीत. गडद डगला, अर्धी विजार व फिकट चपटी टोपी असेल तर तो जुना मुंबई पोलीस. तो निळा डगला व पिवळी टोपी असे, फोटोत रंग दिसत नाहीत एवढेच. टोपीवर "जी.आय.पी." अशी अक्षरे असतील तर मुलुंड-घाटकोपरच्या मार्गावरील जुनी रेल्वे. "बी.बी. अँड सी.आय." असेल तर अंधेरी-बोरीवलीच्या मार्गावरील. दोन्ही कंपन्यांची नावे ५ नोव्हेंबर १९५१ रोजी संपली व मध्य आणि पश्चिम रेल्वे झाल्या. होमगार्ड दल मुंबईत ६ डिसेंबर १९४६ रोजी सुरू झाले.

या पाच माणसांनीही इमानाने नोकरी केली. त्यांचे फोटो स्मरणिकेत येतील. फक्त सैनिकांच्या शिळेवर त्यांची नावे घालता येणार नाहीत. त्यांच्या कुटुंबीयांनी हे समजून घेतले, याबद्दल समिती त्यांची आभारी आहे.

दोन घरांत एकच फोटो

सर्वांत अवघड प्रश्न एका फोटोचा होता. तोच फोटो आपल्या दोन घरांत आहे, एक घर घाटकोपरला व दुसरे मुलुंडला. स्टुडिओतला फोटो, खुर्चीवर एक शिपाई बसलेला, बाजूस एक उभा. बसलेल्यास हार दोन्ही घरांत घातला जातो आणि दोन्ही घरे म्हणतात, तो आमचा. दोघांचीही देणगी मोठी, दोघांचाही भाव खरा. काही दिवस थोडी कटुता आली होती, म्हणून दोन्ही घरांच्या संमतीने हा तपशील नावे न घेता येथे देत आहे.

दोघांच्याही अंगात लांब कुडता, डोक्याला पगडी, पायास गुडघ्यापर्यंत पट्टी. खांद्यावर तीन आकडे. पहिले दोन एक-एक असे स्पष्ट आहेत, तिसरा पुसट. म्हणजे ११०, १११, ११४, ११६ किंवा ११७ यांपैकी काहीही. फोटो १९२२ च्या आतला, एवढे नक्की. बसलेल्याच्या दंडावर तीन फिती, म्हणजे हवालदार. उभ्याच्या दंडावर काही नाही.

मुलुंडच्या घरातील कागद पाहिले. ज्यांचा फोटो म्हणून हार घालतात, ते गृहस्थ १९४० साली भरती झाले व १९४६ साली सुटले. तसा दाखलाच आहे. तेव्हा ते या फोटोत असू शकत नाहीत. घाटकोपरच्या घरात पहिल्या महायुद्धाचे चांदीचे पदक निघाले. त्याच्या कडेवर हवालदार हा हुद्दा, त्यांच्या पणजोबांचे नाव व ११४ मराठा असे आहे. ही पलटण मेसोपोटेमियात होती आणि ऑक्टोबर १९१८ मध्ये शरकतच्या लढाईत तिने मोठे नाव मिळविले. बसलेला माणूस घाटकोपरच्या घरचा, असे मानण्यास आधार मिळाला.

मग मुलुंडच्या घरात हा फोटो आला कसा? त्या घरातील वृद्ध बाईंनी डाळीच्या डब्यावर झाकण म्हणून वापरात असलेली एक जड काशाची तबकडी आणून दाखविली. साधारण बारा सेंटिमीटर रुंद, तिच्यावर एक उभी स्त्री, एक सिंह आणि चौकटीत उठावाच्या इंग्रजी अक्षरांत एक नाव. पहिल्या महायुद्धात जे मेले त्यांच्या घरी सरकारने अशी तबकडी पाठविली होती. तिच्यावर हुद्दा नसतो, नुसते नाव असते. ते नाव निघाले १९४० साली भरती झालेल्या गृहस्थांच्या चुलत्याचे. घरात कोणालाही त्यांची माहिती नव्हती. अविवाहित गेले, मागे वारस नाही, म्हणून नावही राहिले नाही. राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाच्या यादीत शोधले, तेव्हा त्याच नावाचा शिपाई, वडिलांच्या नावासह व आपल्या गावाच्या नावासह, ११४ मराठा पलटणीतच सापडला. स्मारक बसरा.

एकच गाव, एकच पलटण. तेव्हा उभा असलेला शिपाई बहुधा हाच. बहुधा, असे म्हणतो, कारण फोटोच्या मागे नाव नाही. परंतु शिळेसाठी फोटोची गरजच उरली नाही. तबकडी व यादी हे दोन वेगवेगळे पुरावे एकमेकांशी जुळतात. त्यांचे नाव शिळेवर जाईल. फोटोखाली "बहुधा" हा शब्द राहील. मुलुंडच्या घरच्यांनी तबकडी घासूनपुसून देव्हाऱ्याजवळ ठेवली आहे.

नाव का कोरायचे

बसरा येथील स्मारकावर ४० हजारांहून अधिक मृतांची आठवण आहे. परंतु हिंदी सैन्यापैकी फक्त अधिकाऱ्यांची नावे त्या दगडावर कोरली गेली. साध्या शिपायांची नावे नाहीत. पलटणीच्या नावापुढे नुसती संख्या आहे. ही असमानता झाल्याचे त्या आयोगाने स्वतःच्या २०२१ सालच्या अहवालात मान्य केले. आज यादी कोणालाही पाहता येते, पण दगडावर आपला माणूस आकडाच आहे.

आपल्याकडेही जुन्या गावांत तशीच पाटी दिसते : या गावातून इतके गेले, पैकी इतके मेले. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाने पहिल्या महायुद्धात ४६ माणसे गमावली. तो गाव आज मिलिटरी अपशिंगे म्हणून ओळखला जातो, कारण गावाने आठवण धरून ठेवली. दर्यावर गेलेल्यांचेही तसेच. पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक आपल्या मुंबईतच, मस्जिद बंदराजवळील खलाशांच्या वसतिगृहात आहे. उपनगरातून रोज लोकलने त्या बाजूस जाणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी ते पाहिले असेल?

ज्यांना शेत होते त्यांचे नाव निदान सात-बाऱ्यावर राहिले. ज्यांना मूलबाळ नव्हते त्यांची वारसनोंदही झाली नाही. अशा माणसाचे नाव गावाने नाही धरले तर दुसरे कोण धरणार?

विनंती

शिळेवरील नावांची यादी पक्की करण्यासाठी समितीने पुढील नियम ठरविला आहे. नाव घालण्यास किमान एक लेखी पुरावा हवा : पदकाची कड, तबकडी, डिस्चार्जचा कागद, पेन्शनचे पुस्तक किंवा आयोगाच्या यादीतील नोंद. नुसता फोटो पुरेसा नाही आणि देणगीची रक्कमही पुरावा नाही. ज्यांचा पुरावा अद्याप मिळालेला नाही त्यांच्यासाठी शिळेच्या खालच्या भागात सहा ओळींची जागा कोरी ठेवली आहे. कागद मिळेल तेव्हा नाव कोरता येईल.

यादीत शोधताना इंग्रजी स्पेलिंगवर विसंबू नये. लिहिणाऱ्याने कानावर पडले तसे लिहिले आहे. वडिलांचे नाव, गाव व तालुका यांवरून शोधावे. जिल्ह्याचे नावही तपासावे. सिंधुदुर्ग १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला, त्यामुळे तिकडच्या सोयऱ्यांची नावे रत्नागिरीखाली किंवा सावंतवाडी संस्थानाखाली सापडतील. कुलाबा म्हणजे आजचा रायगड. उपनगरातील मूळ गावठाणांतील सोयऱ्यांनी साष्टी तालुका, जिल्हा ठाणे येथेही पाहावे.

खोली विकताना, चाळ पुनर्विकासास जाताना जुन्या चौकटी प्रथम बाहेर पडतात. काच फुटली, फोटोला वाळवी लागली म्हणून तो विसर्जित करण्यापूर्वी एकदा समितीस दाखवावा. आम्ही घरी येऊन मोबाईलवर प्रत घेऊ. मूळ फोटो व पदके आपल्याकडेच राहतील. आणि आज जे जवान सेवेत आहेत त्यांच्या फोटोमागे नाव, गाव, पलटण, ठिकाण व तारीख पेन्सिलने लिहून ठेवावी. त्यास एक मिनिट लागते.

जमलेल्या २६ फोटोंपैकी लष्करी २१. त्यांपैकी १४ जणांची नावे पुराव्यानिशी ठरली आहेत. सात चेहरे अजून आपली वाट पाहत आहेत. ते फोटो या स्मरणिकेच्या पुढील पानांवर क्रमांक देऊन छापले आहेत. घरातील वडीलधाऱ्यांना, विशेषतः माहेरवाशिणींना, ती पाने अवश्य दाखवावीत. चेहरा ओळखणारे कोणी ना कोणी अजून असेल.

कलशारोहणाच्या दिवशी शिळेचे पूजन व्हावयाचे आहे. त्यापूर्वी ज्यांच्याकडे कागद असतील त्यांनी ते समितीकडे आणावेत, ही नम्र विनंती.

आपला,
एक ग्रामस्थ
(जीर्णोद्धार समितीच्या वतीने)